पाणी चालेल, मीठही चालेल

१९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. आंत्रपुच्छाचा त्रास बळावला, तेव्हा १२ तारखेच्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. फेब्रुवारीत सुटका झाली. सप्टेंबरात कोहाटच्या दंगलीने व्यथित होऊन त्यांनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला. आणि डिसेंबरच्या २६ व २७ तारखांना, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते बेळगावात काँग्रेसच्या एकोणचाळिसाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून उभे होते. आयुष्यात काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी घेतले ते एवढ्या एकाच वेळी.

त्या अधिवेशनाबद्दल बेळगावकरांना सांगायची गरज नाही. गंगाधरराव देशपांड्यांनी टिळकवाडीकडच्या माळावर उभारलेले विजयनगर, पाण्यासाठी खणलेली पंपा सरोवर नावाची विहीर, ती आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात, हे सगळे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या अध्यक्षाच्या यकृताबद्दल आणि मूत्रपिंडांबद्दल मात्र क्वचितच कोणी लिहिते. अडीच महिन्यांपूर्वी एकवीस दिवस अन्नाचा कण न घेतलेला माणूस अधिवेशनाचा गाडा ओढत होता, ही गोष्ट आपण आत्मबळाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. आत्मबळ होतेच. पण आत्मबळाने रक्तातली साखर टिकत नाही.

आणि हा प्रश्न एकट्या गांधीजींचा नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्याचे गेल्या शतकातले राजकीय भवितव्य तीन-चार उपोषणांशी बांधलेले आहे. काही इथे झाली नाहीत, पण परिणाम इथे पोचले.

दिल्लीचा उपवास सुरू करताना गांधीजींनी काढलेल्या निवेदनात एक छोटी सवलत होती: पाणी घेण्याची मुभा ते राखून ठेवत होते, मिठासह किंवा मिठाशिवाय. दक्षिण आफ्रिकेत असताना ज्याने हट्टाने मीठ सोडून पाहिले होते, तोच माणूस उपवासात मिठाला जागा ठेवतो. मला हे वाक्य त्या निवेदनातल्या धर्मचर्चेइतकेच महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे निर्जळी आणि साधा उपवास यांतला फरक हरतालिका करणाऱ्या कोणत्याही बाईला कळतो. गांधीजींनी निर्जळीचा मार्ग घेतला नाही, आणि एकवीस दिवसांचा संकल्प करता येण्याचे पहिले कारण ते होते. पाण्याविना माणूस, हवा किती तापली आहे त्यावर, तीन दिवसांपासून फार तर आठवडाभर टिकतो. पाणी मिळाले तर अन्नावाचून दीड-दोन महिने काढू शकतो.

जेवण सुटल्यावर पहिल्या दिवशी काय होते ते पाहू. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदू एकटाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो. हिशेब केला तर रक्तातली साखर त्याला तासभर पुरेल. तरी उपोषणाला बसलेला कार्यकर्ता संध्याकाळी घोषणा देतो, भाषण करतो, कारण यकृत ही घरातली कणगी आहे. जेवणानंतर जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात तिथे भरून ठेवली जाते आणि गरजेप्रमाणे काढली जाते. पॅरिसच्या क्लोद बर्नारने १८५७ मध्ये हा पदार्थ यकृतातून वेगळा काढला, तोवर प्राण्याचे शरीर स्वतः साखर तयार करते यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. भरायची आज्ञा इन्शुलिनची, काढायची ग्लुकागॉनची. ही दोन्ही संप्रेरके स्वादुपिंडातून येतात, आणि १९२४ साली दोन्ही अगदी नवी होती. इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन टोरांटोत १९२२ च्या जानेवारीत दिले गेले; ग्लुकागॉनचे नावच १९२३ चे. गांधीजींच्या उशाशी असलेले डॉ. अन्सारी आणि डॉ. अब्दुल रहमान यांना यातले जे ठाऊक असेल ते बहुधा ताज्या वैद्यकीय नियतकालिकांतून कळलेले असणार.

यकृतातला साठा साधारण शंभर ग्रॅमचा. दिवस-दीड दिवसात तो संपत येतो. स्नायूंत याच्या तिप्पट-चौपट ग्लायकोजेन असते, पण स्नायू ते स्वतःपुरते वापरतात. रक्तात साखर सोडायला लागणारा विकर त्यांच्याकडे नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून शरीर स्नायूंतली प्रथिने मोडून यकृतात त्यांची साखर बनवू लागते. हा तोट्याचा धंदा आहे. असाच चालू राहिला तर हृदय आणि श्वासाचे स्नायूही त्यात खर्ची पडतील आणि माणूस दोन-तीन आठवड्यांत संपेल.

तसे होत नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून यकृत चरबीपासून कीटोन तयार करू लागते. उपाशी माणसाच्या तोंडाला जो पिकल्या फळासारखा वास येतो तो त्यांचाच. भूक मरते, मळमळ सुरू होते. उपोषणाच्या मांडवातले जुने लोक सांगतात की पहिले तीन दिवस जड जातात, मग पोट मागायचे थांबते. ते खरे आहे.

याच दिवसांत पाण्याचाही हिशेब बदलतो, आणि मिठाची गरज इथे लागते. इन्शुलिन साखरेबरोबरच मूत्रपिंडांना सोडियम धरून ठेवायलाही सांगते. उपवासात इन्शुलिन उतरले की मूत्रपिंडे सोडियम सोडून देतात आणि त्यामागोमाग पाणी जाते. पहिल्या आठवड्यात उपोषणकर्त्याचे वजन झपाट्याने उतरते आणि वर्तमानपत्रे तो आकडा ठळक छापतात, त्यात चरबी थोडी आणि पाणी फार. उठून उभे राहिले की अंधारी येते ती यामुळे. नुसते पाणी पीत राहिले तर ते टिकत नाही. सोबत चिमूटभर मीठ असेल तर टिकते. हे गांधीजींना प्रयोगशाळेतून कळले नव्हते, आधीच्या उपवासांत स्वतःच्या अंगावर कळले होते.

प्रयोगशाळेतले ज्ञान तेव्हा अगदीच नव्हते असे नाही. १९१२ साली बोस्टनमध्ये फ्रान्सिस बेनेडिक्ट या शास्त्रज्ञाने आगोस्तिनो लेवान्झिन नावाच्या माल्टाच्या गृहस्थाला एकतीस दिवस नुसत्या पाण्यावर ठेवून त्याचा श्वास, लघवी, नाडी, वजन रोज मोजले होते. त्याचा जाडजूड अहवाल १९१५ ला निघाला. लघवीतून जाणारे नायट्रोजन पुढच्या आठवड्यांत कमी होत जाते, म्हणजे शरीर प्रथिने वाचवू लागते, हे त्यात दिसत होते. मेंदू मग काय खातो, याचे उत्तर मात्र नव्हते. ते मिळायला १९६० चे दशक उजाडावे लागले.

८ ऑक्टोबरच्या दुपारी दिल्लीचा उपवास सुटला. इमामसाहेबांनी कुराण वाचले, अँड्र्यूजनी ख्रिस्ती स्तोत्र म्हटले, विनोबांनी उपनिषद, बाळकोबांनी वैष्णव भजन. मग डॉ. अन्सारींनी संत्र्याचा रस पुढे केला. घोट घोट रस देण्याची ही रीत दिसायला विधीसारखी असली तरी वैद्यकाच्या दृष्टीने तिच्यात शहाणपण आहे. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर पिष्टमय अन्न पोटात गेले तर इन्शुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून आणि युद्धकैद्यांच्या तळांवरून सुटलेली उपाशी माणसे जेवू घातल्यावर दगावली, तेव्हा डॉक्टरांना हे नीट उमगले.

बेळगावला डिसेंबरात आलेले शरीर असे होते. अधिवेशन पार पडले, पण देणे फिटलेले नव्हते. ते सव्वादोन वर्षांनी याच भागात वसूल झाले. १९२७ च्या मार्चअखेर खादीचा दौरा चालू असताना कोल्हापुरात एका दिवसात अनेक सभा झाल्या आणि गांधीजी कोसळले. निपाणीला आणल्यावर पुढचा दौरा थांबवावा लागला. मिरजेच्या मिशन रुग्णालयाचे डॉ. वानलेस यांनी तपासले. रक्तदाब फार चढला होता, मेंदूला सौम्य झटका बसल्याचे निदान झाले. निपाणीहून बेळगाव, तिथून आंबोलीच्या थंड हवेत, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात नंदी हिल्सला असा त्यांचा प्रवास झाला. उन्हाळा सगळा विश्रांतीत गेला.

रक्तदाब हा साखरेचा नव्हे, पाण्याचा आणि मिठाचा मामला. नळ्यांत किती द्रव ठेवायचा हे मूत्रपिंडे ठरवतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच बाहेर सोडतात. या परत घेण्यात किंचित फरक पडला तरी दाब बदलतो. रक्तातल्या क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी वाढले की मेंदूतल्या पेशी ते ओळखतात, तहान लागते आणि लघवी कमी करणारे संप्रेरक सुटते. १९२६ साली, म्हणजे बेळगावचे अधिवेशन आणि निपाणीचे आजारपण यांच्या मधल्या काळात, हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने या सगळ्या आपोआप चालणाऱ्या तोलाला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. नाव मिळाले तरी औषध नव्हते. दाब मोजायचे यंत्र डॉक्टरांच्या पिशवीत होते, उतरवायची खात्रीची गोळी जगात कुठेच नव्हती. विश्रांती घ्या, एवढेच वानलेससारखा नामांकित शल्यविशारदही सांगू शकत होता. सर्पगंधेने दाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी जगापुढे मांडले ते १९४९ मध्ये.

पुढचे गांधीजींचे मोठे उपवास पुण्यातले. १९३२ चा येरवड्याचा सहा दिवसांतच जिवावर आला होता. १९४३ चा आगाखान पॅलेसमधला १० फेब्रुवारीला सुरू झाला, तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्या उपवासातली आणीबाणी अन्नाची नव्हती, पाण्याची होती. मळमळीमुळे पाणी घशाखाली उतरेना, लघवी घटली, रक्तात युरिया साचू लागला. अखेर पाण्यात मोसंबीचा थोडा रस घालून ते पिण्याजोगे केले आणि प्रकृती सावरली. टीकाकारांनी त्यावर नाके मुरडली. मला ते नाक मुरडणे पोरकट वाटते. त्या रसातून मिळालेली साखर चिमूटभर. तिच्या निमित्ताने पोटात गेलेले पाणी मोलाचे. ३ मार्चला उपवास सुटला तोवर सुमारे १८ पौंड वजन उतरले होते.

आता सीमाभागाकडे थेट येऊ. १९ ऑक्टोबर १९५२ रोजी मद्रासच्या मैलापूर भागात पोट्टी श्रीरामुलू तेलुगू राज्यासाठी आमरण उपोषणाला बसले. १५ डिसेंबरच्या रात्री, अठ्ठावन्न दिवसांनी, त्यांचा अंत झाला. अन्नावाचून माणूस किती काळ जगतो याची ही जवळजवळ सीमाच. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली जतींद्रनाथ दास त्रेसष्टाव्या दिवशी गेले होते. चरबी संपत आली की शरीर वाचवून ठेवलेल्या प्रथिनांवर पुन्हा तुटून पडते. मग हृदयाचे ठोके बिघडतात, एखादा संसर्गही पुरतो.

श्रीरामुलूंच्या मृत्यूनंतर आंध्र पेटला, १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले, आणि भाषेवर राज्ये मागण्याचा रेटा असा वाढला की डिसेंबर १९५३ मध्ये केंद्राला राज्य पुनर्रचना आयोग नेमावा लागला. त्या आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्याला द्यावे असे सुचवले. १७ जानेवारी १९५६ रोजी त्याविरुद्ध उसळलेल्या आंदोलनावर बेळगावात आणि निपाणीत गोळीबार झाला. सीमाभागातले मराठी लोक तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर म्हैसूर राज्यात गेले. मैलापुरातल्या एका घरात विझलेल्या देहाचा धागा असा इथवर आला. भाषावार राज्याची जी मागणी तेलुगू भाषकांना पावली, तीच इथल्या मराठी भाषकांना उलटी पडली.

त्यानंतरची दहा वर्षे सत्याग्रह, मोर्चे, साराबंदी, निवडणुका यांत गेली. १९६६ मध्ये सेनापती बापट मुंबईत या प्रश्नासाठी उपोषणाला बसले. मुळशीचा सत्याग्रह, तुरुंगवास, गोवामुक्तीसाठी पोर्तुगीज हद्दीत शिरणे हे सगळे करून झालेला हा माणूस तेव्हा पंच्याऐंशीचा होता. या वयाचे उपोषण तरुणाच्या उपोषणापेक्षा कितीतरी धोक्याचे. म्हाताऱ्या शरीरात पाण्याचा साठाच कमी असतो, तहान उशिरा आणि मंद लागते, मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवणे जमत नाही, आणि साखर बनवायला स्नायू उरलेले नसतात. तरुणाला जे पाचव्या दिवशी जाणवेल ते अशा माणसाला दुसऱ्या दिवशी गाठते. सरकारलाही घाई करावी लागली असेल तर नवल नाही. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी केंद्र सरकारने न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला.

योगायोग असा की उपाशी शरीराचे उरलेले कोडे याच दोन वर्षांत सुटले. बोस्टनमध्ये जॉर्ज कॅहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली उपवासातल्या इन्शुलिनचे आणि इंधनाचे गणित मांडले. १९६७ मध्ये ऑलिव्हर ओवेन, कॅहिल आणि मंडळींनी पाच-सहा आठवडे उपाशी ठेवलेल्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूत जाणाऱ्या आणि मेंदूतून येणाऱ्या रक्ताची तुलना केली. मेंदू निम्म्याहून अधिक ऊर्जा कीटोनांपासून घेत होता! मेंदूला फक्त ग्लुकोजच चालते ही तोवरची शिकवण मोडीत निघाली. बेनेडिक्टच्या अहवालातले प्रथिने वाचवणे आता कळले: मेंदूच साखर मागायची कमी करतो, म्हणून स्नायू वाचतात. त्यात पाण्याचीही बचत आहे. प्रथिने कमी मोडली की युरिया कमी बनतो, तो बाहेर टाकायला लघवी कमी लागते. शिवाय लांबलेल्या उपवासात मूत्रपिंड स्वतःही साखर बनवू लागते. पाण्याचा राखणदार अडचणीत साखरेचाही पुरवठादार होतो. इतका मेळ दिल्ली, बंगळूर आणि मुंबई यांच्यात कधी बसला असता तर!

महाजन आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले होते. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागांतली २४७ गावे म्हैसूरला, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. त्यामुळे ज्या निपाणीवर आयोगाने महाराष्ट्राचा हक्क मान्य केला तीही आहे तिथेच राहिली. सेनापती बापट २८ नोव्हेंबर १९६७ रोजी गेले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो अजून चालू आहे. आयोग नेमून घेण्यात उपोषण यशस्वी झाले आणि आयोगाने जे दिले ते घेणे आंदोलनाला परवडले नाही. उपोषणाची ताकद चर्चा सुरू करण्यापर्यंत असते, निकाल आपल्या बाजूने लागण्याची हमी त्यात नसते, हे या भागाने फार महाग किंमत देऊन पाहिले आहे.

मांडव मात्र अजून पडतात. लाक्षणिक, साखळी, आमरण हे आपले तीन प्रकार. लाक्षणिक उपोषण यकृतातल्या ग्लायकोजेनवर निभते. साखळी उपोषणात माणसे रोज बदलतात, म्हणजे तेही तेवढ्यावरच चालते. स्नायू, चरबी आणि पाणी पणाला लागते ते फक्त आमरणात. म्हणून पहिल्या दोन प्रकारांना लोक गमतीने घेतात, ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणून टिंगलही करतात. पण मांडवात बसलेल्यांची वये पाहा. पासष्ट-सत्तरीचे कार्यकर्ते पुढच्या रांगेत असतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या खिशात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या असतात. वर जे तोल सांभाळणे सांगितले ते निरोगी शरीराचे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने सकाळी नेहमीचा डोस घेऊन दिवसभर पोट रिकामे ठेवले तर त्या औषधाला जेवण झाले नाही हे कळत नाही. ते साखर उतरवीत राहते आणि माणूस घाम फुटून, बरळत, बेशुद्ध होतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे काढतात, तिच्याबरोबर पाणी जाते, आणि उपाशीपोटी रक्तात कीटोनांचे आम्ल वाढू शकते, तेही साखर फारशी चढलेली नसताना. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाच्या मांडवात आणखी भर.

तेव्हा संयोजकांना एवढीच विनंती. बॅनर आणि माईकच्या आधी एक डॉक्टर आणि ग्लुकोमीटर बोलवा. बसणाऱ्याची औषधे आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि डोस बदलायचा की थांबवायचा हे त्याच्या डॉक्टरांना ठरवू द्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणेही धोक्याचेच. निर्जळीचा आग्रह कोणाला करू नका. साखर ७० च्या खाली गेली तर उपोषण तिथेच सोडवा, चार चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, त्याला थेट रुग्णालयात न्या.